बिअर्डमोर हिमनदी: दाढीशी संबंध नाही

अंटार्क्टिकातल्या बिअर्डमोर हिमनदीबद्दल एकाने विचारलं आहे की, इंग्रजीत दाढीला 'बिअर्ड' म्हणतात, तर डोंगरांमधून पांढरी दाढी लोंबल्यासारखी दिसते म्हणून हे नाव पडलं का?

कल्पना झकास आहे, पण नाही. हे चक्क आडनाव आहे. विल्यम बिअर्डमोर म्हणजे ग्लासगोचा पोलाद आणि जहाजबांधणीतला बडा कारखानदार. ध्रुवीय मोहिमा करणारा ब्रिटिश धाडसी प्रवासी अर्नेस्ट शॅकल्टन काही काळ त्याच्याकडे नोकरीला होता. पुढे दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेसाठी कर्ज काढायची वेळ आली, तेव्हा ७,००० पौंडांना बिअर्डमोर जामीन राहिला. डिसेंबर १९०८ मध्ये शॅकल्टन आणि त्याचे तिघे सोबती एका डोंगरावर चढले, तर पलीकडे दरीतून दक्षिणेकडे चढत गेलेली प्रचंड हिमनदी! सुमारे २०० किलोमीटर लांब, ४० किलोमीटर रुंद. ध्रुवाकडच्या पठारावर जायची वाटच सापडली. त्या डोंगराचं नाव त्यांनी 'होप' ठेवलं. हिमनदीला आधी नुसतंच 'मोठी हिमनदी' म्हणत. मग तिला जामीनदाराचं नाव मिळालं. देवळाच्या पायरीवर देणगीदाराचं नाव कोरतात, त्यातलाच प्रकार.

वाट मात्र सरळ नव्हती. ७ डिसेंबरला त्यांचं शेवटचं तट्टू, सॉक्स, वरच्या बर्फाचा पापुद्रा फुटून भेगेत गेलं ते गेलंच. लगाम धरून चालणारा फ्रँक वाइल्ड काठाला लटकून वाचला. तट्टाला जोडलेला दांडा मोडला म्हणून घसरगाडी तेवढी वर राहिली.

आता गंमत बघा. 'बिअर' दिसते बिअर्डमोरच्या नावात, पण बिअरचा पैसा आहे तो त्याच पर्वतरांगेतल्या दुसऱ्या हिमनदीच्या नावामागे. १९११ मध्ये दक्षिण ध्रुवाकडे निघालेला नॉर्वेचा अमुंडसेन ज्या हिमनदीवरून वर चढला, तिला त्याने ॲक्सेल हायबर्गचं नाव दिलं. हा नॉर्वेतल्या रिंग्नेस बिअर कारखान्याच्या संस्थापकांपैकी एक, ध्रुवीय मोहिमांचा आश्रयदाता. उत्तरेला कॅनडाच्या हद्दीत त्याच्या नावाचं एक बेटही आहे, म्हणजे या गृहस्थाचं नाव जगाच्या दोन्ही टोकांना!

लिहिताना 'बिअर्डमोर हिमनदी' असंच लिहावं. वर्तमानपत्रांत अधूनमधून 'हिमनग' छापतात, ते चूक. हिमनग समुद्रात तरंगतो. ही दरीतून हळूहळू सरकत खाली रॉस हिमस्तराला, म्हणजे किनाऱ्याला जोडलेल्या बर्फाच्या अफाट थराला मिळते.