पाठ केलेलं टिकत नाही, म्हणून मेडिकल सोडायचं का?

सांगली जिल्ह्यातल्या एका आईचं पत्र आहे. मुलगी बारावी सायन्सला असून नीटची तयारी करते. बायोलॉजीचा धडा तीन-तीनदा वाचते, सगळं पान पिवळं होईपर्यंत अधोरेखित करते आणि आठवड्याने विचारलं की कोरी. घरी सासूबाईंना स्मृतिभ्रंश आहे. सकाळी काय खाल्लं ते सांगता येत नाही, पण जात्यावरच्या ओव्या सुरात म्हणतात आणि कुठे अडल्या तर नात पुढची ओळ लावून देते. नात आता घाबरून विचारते, ‘आजीचंच माझ्यात आलंय का?’ क्लासवाल्यांनी पंधरा हजारांचा ‘मेमरी कोर्स’ सुचवलाय. आईचा प्रश्न असा, की स्मरणशक्तीच कमी असेल तर तिला आत्ताच कॉमर्सकडे वळवावं का?

ताई, नमस्कार.

आधी लेकीची भीती घालवू. सतराव्या वर्षी धडा विसरणं आणि आजींचा आजार या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. मेंदूत आतल्या बाजूला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो. नवी आठवण पक्की व्हायला तो लागतो. अल्झायमरसारख्या आजारात हा भाग लवकर बाधतो, म्हणून सकाळचा नाश्ता पुसला जातो. वर्षानुवर्षं म्हटलेल्या ओव्या मेंदूत इतरत्र खोल रुजलेल्या असतात, त्या बराच काळ तग धरतात.

हे पहिल्यांदा नीट कळलं ते अमेरिकेतल्या हेन्री मोलेसन यांच्यामुळे. १९५३ साली अपस्मार (फिट येणं) आटोक्यात आणण्यासाठी त्यांच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हा भाग बराचसा काढून टाकला. त्यानंतर नवं काही त्यांच्या लक्षात राहीना. ब्रेंडा मिल्नर या संशोधक वर्षानुवर्षं त्यांना भेटत राहिल्या आणि दरवेळी त्यांना त्या अनोळखीच वाटत. पण मिल्नरबाईंनी त्यांना आरशात बघून चांदणी गिरवायला दिली, तेव्हा दिवसागणिक त्यांचा हात सुधारत गेला. आधी कधी हे केलंय, याची मात्र त्यांना आठवण नसायची! म्हणजे स्मरणशक्ती ही एकच एक गोष्ट नाही. त्यामुळे ‘हिची स्मरणशक्ती कमी’ या वाक्याला मी तरी फार किंमत देत नाही.

आता तुमच्याच पत्रातली एक ओळ पुन्हा वाचा. आजी अडल्या की नात पुढची ओळ लावून देते. त्या ओव्या ती कधी पाठ करायला बसली होती का? नाही. पण आजी थांबल्या की प्रत्येक वेळी ती ओळ तिला स्वतःच्या डोक्यातून ओढून आणावी लागते, आणि तेही आज, परवा, पुढच्या आठवड्यात असं पुन्हा पुन्हा. बायोलॉजीत ती नेमकं हेच करत नाही. तिथे ती वाचते. तिसऱ्या वाचनाला सगळं ओळखीचं वाटतं आणि ‘झालं’ असं वाटून जातं. ओळखीचं वाटणं निराळं, पुस्तक मिटून आठवणं निराळं.

रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांचा २००६ सालचा प्रयोग मी प्रत्येक पालकाला सांगतो. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी एकाच सत्रात वाचला आणि मग तीन वेळा न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. आणि आपल्या लक्षात राहील याची जास्त खात्री कोणाला होती? वाचणाऱ्यांना. तुमची लेक याच फसव्या खात्रीत अडकली आहे.

विसरण्याचा वेग तर सगळ्यांचाच असा असतो. जर्मनीच्या हर्मन एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये हे मांडलं. निरर्थक अक्षरं पाठ केली, तर पहिल्या तासा-दिवसातच मोठी गळती होते, मग ती मंदावते. पण विसरलेलं पुन्हा पाठ करायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो, अगदी महिन्यानंतरही. म्हणजे तिचं आधीचं वाचन फुकट गेलेलं नाही.

करायचं काय? उद्या मूत्रपिंडातला नेफ्रॉन घ्या. एकदा समजून वाचायचं, पुस्तक मिटायचं. कोऱ्या कागदावर बोमन कॅप्सूलपासून संग्राहक नलिकेपर्यंत आकृती काढायची, कुठे काय शोषलं जातं ते लिहायचं, मग पुस्तक उघडून लाल पेनाने राहिलेलं भरायचं. हेच दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने. पहिल्यांदा अर्धा कागद कोरा राहील, ती रडकुंडीला येईल, ‘माझं वाचायचं राहतंय’ म्हणेल. तेव्हा ही पद्धत थांबवू नका, ओढाताण होते तिथेच ते पक्कं होत असतं. तुम्ही भाकरी थापता थापता ‘झालं का पाठ?’ विचारण्याऐवजी ‘सांग बरं, मूत्र तयार कसं होतं?’ असं विचारा. तुम्हाला उत्तर माहीत नसलं तरी चालेल.

ती रात्री एकपर्यंत जागून पाचला उठत असेल, तर ते बंद करा. दिवसभराचं झोपेत आणखी पक्कं होतं. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड एकदा तपासून घ्या. मुलींमध्ये रक्त कमी असलं की लक्ष लागत नाही आणि सगळे त्याला ‘विसरभोळेपणा’ म्हणतात. ती सतत उदास असेल, तर डॉक्टरांना तेही सांगा.

मेमरी कोर्सला पैसे घालू नका. तिथल्या युक्त्यांनी मेंदूतून निघणाऱ्या बारा कपालीय चेतांची नावं क्रमाने राहतील, पण नीटच्या ७२० पैकी ३६० गुण असलेली बायोलॉजी त्यावर निघत नाही.

कॉमर्सचं म्हणाल, तर सीएला कायद्याची कलमं काय कमी लक्षात ठेवावी लागतात? विसरते म्हणून शाखा बदलणं हा पळ होईल. मन दुसरीकडे ओढ घेत असेल, तर जरूर बदला. तिची ओढ मला पत्रात दिसतेय. आजीला ओव्या आठवतात आणि नाश्ता नाही, हे तिच्या नजरेत भरलंय. या प्रश्नामागे जायला एमबीबीएस हा एकच रस्ता नाही. पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत त्यांच्या स्वतःच्या प्रवेश परीक्षेतून जीवशास्त्र शिकता येतं, पुढे मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे. मानसशास्त्राची पदवी घेऊन क्लिनिकल सायकॉलॉजीकडे जाता येतं, त्यासाठी बेंगळुरूची निम्हान्स ही मेंदू आणि मानसिक आरोग्याची संस्था नावाजलेली आहे. आजींसारख्या रुग्णांबरोबर रोज काम करणारी माणसं तिथे घडतात.

दोन महिने कागदाची पद्धत चालवा. त्यानंतरच्या तीन सराव परीक्षांचे बायोलॉजीचे गुण मला कळवा. मग नीटबरोबर आणखी कोणते फॉर्म भरायचे, ते तिला समोर बसवून ठरवू.