‘माझ्या पाटल्या सुनेनंच घेतल्या’

“सासूबाई मला चोर म्हणतात. तेही जिन्यात उभं राहून, अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असं.” पन्नाशीच्या बाई सांगत होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) सासूबाईंना अल्झायमर. पाटल्या दर वेळी सापडायच्या, कधी तांदळाच्या डब्यात, कधी उशीच्या अभ्र्यात. “दाखवल्या, तर म्हणतात, घाबरून आणून ठेवल्यास!”

ही तक्रार घेऊन बहुतेक सुनाच येतात. दिवसभर जो अवतीभवती असतो, आळ त्याच्यावरच येतो. या आजारात हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग लवकर झिजतो आणि नव्या घटनांची नोंद ठेवण्याचं काम तोच करतो. म्हणजे पाटल्या लपवल्याचं सासूबाई विसरल्या असंही नाही. बरेचदा ती नोंद झालेलीच नसते. हात रिकामा दिसतो, धास्ती वाटते आणि कुणीतरी नेल्या असणार हे ओघानं येतं. तिथं ‘तुम्हीच ठेवल्यात, आठवा ना’ म्हणून भांडणच वाढतं.

मी बाईंना म्हटलं, निर्दोष असल्याचं पटवणं सोडा. (खुर्चीत बसून सांगायला सोपं आहे, कबूल.) टीव्ही बंद करा, समोर बसा, एका वेळी एकच वाक्य बोला. “पाटल्या दिसत नाहीत? जिवाला घोर लागणारच. चला, दोघी शोधू.” डबा त्यांनाच उघडू द्या. सापडल्या की चहाचं काढा. हातात एक ग्रॅम सोन्याच्या पाटल्या असू द्या, खऱ्या पाटल्या लॉकरमध्ये ठेवा. ठेवताना नवरा आणि नणंद दोघंही हजर हवेत.

“ही फसवणूकच ना?” त्यांनी विचारलं. मला तसं वाटत नाही. सोनं सासूबाईंचंच राहतं, फक्त रोजची धास्ती कमी होते.

नणंदेचं प्रकरण जास्त अवघड होतं. आई फोनवर ठणठणीत बोलते, मग वहिनीचंच काहीतरी असणार, हा तिचा ग्रह. थोडा वेळ सावरून बोलणं बऱ्याच रुग्णांना जमतं, हे तिला पटेना. शेवटी वहिनी माहेरी गेल्या, नणंद आईजवळ राहिली. आठवडा सरायच्या आत चोर लेक ठरली.

गोंधळ किंवा आरोप एक-दोन दिवसांत एकाएकी वाढले, तर मात्र आजारच बळावला असं धरून बसू नका. लघवीतला जंतुसंसर्ग, शरीरातलं पाणी कमी होणं, बद्धकोष्ठता, नवं औषध, काहीही असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.