कपाटाची किल्ली आधी परत करा

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे, दहावीला ९३ टक्के होते. आता कादंबऱ्यांचं वेड लागलंय, मराठी घेऊन बीए करणार म्हणते. परीक्षा होईपर्यंत पुस्तकं कपाटात कुलूप लावून ठेवली आहेत. तिची समजूत घाला.

उत्तर : तुमचं पत्र वाचून मला काळजी वाटली ती त्या कुलपाची. सतरा वर्षांच्या मुलीच्या हातातलं पुस्तक तुम्ही काढून घ्यायचं आणि समजूत मी घालायची, हे जमणार नाही.

‘गोष्ट एकदा कळली की पुन्हा तेच काय वाचायचं?’ असं तुम्ही विचारता. गफलत इथेच आहे. शाळेत तात्पर्य लिहून लिहून आपल्याला वाटायला लागतं, की कादंबरीचा आशय म्हणजे शेवटी काढायचं एक वाक्य. तिच्या वेडाचा पुरावा म्हणून तुम्ही तिच्या वहीचा फोटो जोडलात. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’ या, यमू नावाच्या मुलीने स्वतःच सांगितलेल्या कादंबरीबद्दल तिने पेन्सिलीने लिहिलंय, ‘यमूचे मुंबईतले सुखाचे दिवस इतके सविस्तर कशाला?’ विधवांचे हाल थांबवा, हे तात्पर्य तर १८९०च्या सुमारास सुधारकांच्या भाषणांतही मिळालं असतं. पण नवऱ्याबरोबरचा तो मोकळा संसार, ते शिकणं-वाचणं आपण आधी यमूच्याच तोंडून ऐकलेलं असतं. म्हणून पुढे नवरा गेल्यावर तिचं जबरदस्तीने केलेलं केशवपन वाचताना सहन होत नाही. तुमच्या मुलीने नेमकं तिथेच बोट ठेवलंय. एमएला बसूनही हा प्रश्न न पडलेली मुलं मी पाहिली आहेत.

मार्ग सरळ आहे : बीए, मग ५५ टक्क्यांनी एमए, मग नेट किंवा सेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा. पण प्राध्यापकीचं गाजर मी दाखवणार नाही. कायम जागा सहजी मिळत नाहीत, तासिका तत्त्वावर वर्षं काढलेली माणसं माझ्या ओळखीत आहेत. हे तिलाही स्पष्ट सांगा. भाषांतर, संपादन, वकिली, यूपीएससीला वैकल्पिक विषय म्हणून मराठी साहित्य, हेही आहेच. बारावी मात्र तिने सायन्सचीच नीट पूर्ण करावी. तिथून बीएला जाता येतं.

किल्ली आज संध्याकाळीच तिच्या हातात द्या. आणि हो, ‘आमच्या घराण्यात कुणी आर्ट्सला गेलेलं नाही’ हे तुमच्या पत्रात तीनदा आलंय. तिच्या आईचं म्हणणं काय, ते एकदाही नाही.