परवडणारं घर दरवेळी हातचं जातं

प्रश्न : ताई, आठ वर्षं भाड्याने राहतोय, पै पै जोडून डाउन पेमेंट जमवलं, पण परवडेल असा छोटा फ्लॅट दिसला की आमचं लोन होईपर्यंत कुणी इन्व्हेस्टर रोख देऊन घेऊन जातो आणि महिन्याभरात दारावर ‘भाड्याने देणे’ची पाटी. फार संताप होतो, माझं चुकतंय का?

उत्तर : अजिबात नाही गं. चार घरं असलेला पाचव्यासाठी जुनं घर तारण ठेवतो आणि हप्ता तुमच्यासारख्यांच्या भाड्यातून फेडतो, खरी गोम इथेच आहे. सिंगापूरने २०२३ मध्ये नागरिकांच्या दुसऱ्या घरावर २० आणि तिसऱ्यावर ३० टक्के जादा स्टॅम्प ड्युटी केली, म्हणजे सरकारने मनावर घेतलं तर होतं. तोवर तू लोनचं मंजुरीपत्र आधीच काढून ठेव, घर बघायला जाताना फाइल सोबतच असू दे.