कंदुरीचं मटण डोंगरावरून खाली आणायचं तर सॅक शेवटी बघा

तुमचा प्रश्न नीट वाचला. चैत्रात कंदुरी (पिराला नवसाचं बोकड कापून जेवण घालणं), दोन बोकडं, पीर डोंगरावर. वर पाणी नाही, म्हणून कापणं वर आणि शिजवणं खाली मळ्यात. मधे तीन किलोमीटर उतार, जीप पायथ्यालाच थांबणार. आणि त्यासाठी सात हजारांची सॅक घ्यावी का, हे विचारताय. आमचं गाव बालाघाटाच्या डोंगररांगेच्या कुशीत आहे. हेच काम मी वीसेक वर्षं करतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

सॅकेनं मटण टिकत नाही. नुकत्याच कापलेल्या बोकडाच्या अंगात 38-39 अंशांची ऊब असते, ती बाहेर पडू दिली तर मटण टिकतं. ऊब आत कोंडली तर कितीही भारी बॅग असली तरी उपयोग नाही.

हे मी नुकसान सोसून शिकलो. एका वर्षी घाई झाली म्हणून बारा-तेरा किलो गरम मटण दुधाच्या कॅनमधे भरलं आणि वर झाकण दाबलं. चुलते म्हणत होते, "झाकण उघडं ठिव, वाफ जाऊ दे." मी माश्यांना भिऊन बंदच ठेवलं. दोन तासांनी मळ्यात झाकण काढलं तर हाताला वाफ लागली. वरचे तुकडे चिकट झाले होते, मांडीच्या हाडाजवळ हिरवट झाक आली होती, आणि आंबूस वास असा की बायका चुलीपासून उठल्या. पाहुणे बसलेले असताना सगळं खड्डा करून पुरावं लागलं. नवसाच्या बोकडाचं तसं झालं, हे अजून मनातून जात नाही.

म्हणून पहिली खरेदी मांजरपाटाची. चार-पाच मीटर कोरं कापड आणा, दोनदा उकळत्या पाण्यातून काढा, उन्हात वाळवा आणि उशीच्या अभ्र्यासारख्या सहा-सात पिशव्या शिवून घ्या. हवा आतबाहेर खेळते, माशी बसत नाही. माझा भाचा अमेरिकेत कोलोरॅडोला असतो, तिथे परवाना काढून एल्कच्या शिकारीला जातो. एल्क म्हणजे घोड्याएवढं हरीण, नुसतं मांसच शंभर किलोच्या आसपास निघतं, तीन-चार खेपा कराव्या लागतात. तेही आधी कातडं काढतात, मोठे भाग सुटे करतात, अशाच कापडी पिशव्यांत घालून सावलीला टांगतात आणि मगच पाठीवर घेतात. त्यांच्याकडे थंडी असते, आपल्याकडे एप्रिलात चाळीस अंश. म्हणजे आपल्याला जास्तच जपावं लागतं. (आपल्याकडे काळवीट-हरणाची शिकार 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. मी बोलतोय ते बोकडापुरतंच.)

मुलाण्याला, म्हणजे बोकड कापणाऱ्याला, आदल्या दिवशीच सांगून ठेवा की वर बारीक पीस करायचे नाहीत. पुढचे दोन फरे (खांद्यासकट पाय), मागच्या दोन मांड्या, चाप (बरगड्या), सीना (छाती), मान, एवढेच भाग सांध्यावर सोडवायचे. जितके तुकडे जास्त, तितकी धूळ, हात आणि माशी जास्त लागते. भाचा तिकडे हाडं काढून टाकतो, वजन वाचवायला. आपल्याला रश्श्याला हाड लागतं, तेव्हा ठेवा, पण मांडी टांगताना दोन्ही बाजूंनी वारा लागेल असं बघा, कारण ऊब हाडाशीच धरून राहते. वजडी (पोट-आतडी), मुंडी आणि पाय वेगळ्या पिशवीत, चांगल्या मटणाला लागू द्यायचे नाहीत.

वेळ अशी धरा. पावणेसहाला कापणं, साडेसहाला कातडं निघालेलं, मग अर्धा-पाऊण तास लिंबाच्या किंवा आपट्याच्या सावलीला टांगायचं. वरून हात फिरवला की कोरडं लागलं पाहिजे. आठ-सव्वाआठला खाली पोचायचं. नऊनंतर हवा तापते, आणि 32 अंशांच्या वर उघडं मटण तासाभराहून जास्त ठेवू नये.

आता सॅक. तीस किलोच्या बोकडाचं हाडासकट साधारण चौदा किलो पडतं, म्हणजे दोघांनी चौदा-चौदा किलो न्यायचं. त्यासाठी नवीन काही घेऊ नका. ट्रेकिंगला जाणाऱ्या कुणाची साठ लिटरची मागून आणा, फक्त कमरेचा पट्टा रुंद हवा. तो पोटावर बांधायचा नसतो, कमरेच्या हाडावर घट्ट बसवायचा. मग ओझं खांद्यावरून उतरतं आणि उतारावर गुडघे वाचतात. जड मांड्या पाठीला चिकटून, मधल्या उंचीला. तोंड उघडं ठेवा, वरून एक कापड टाका. वाट रुंद असेल तिथे मला तर कावडच आवडते. मटण वाऱ्यावर राहतं, पाठीची ऊब लागत नाही. पण घाणेरीच्या झुडपांतून वाट असेल तर कावड अडकते, तिथे नको.

खताचं पोतं कितीही धुतलेलं असलं तरी नको. फवारणीच्या पंपाचे पट्टे काढून पाटी बांधणारे मी पाहिलेत, ते तर मुळीच नको. औषधाचा अंश पट्ट्यात मुरलेला असतो.

जीपमधे थर्माकोलची पेटी आणि दोन-दोन लिटरच्या चार-पाच गोठवलेल्या बाटल्या ठेवा. कारखान्यातला सुटा बर्फ मटणावर टाकू नका. ते पाणी पिण्याचं असेलच असं नाही, आणि वितळल्या पाण्यात मटण पडून राहिलं की पांढरं पडून त्याची चव जाते.

परत आल्यावर पिशव्या आधी गार पाण्यात मीठ टाकून भिजवा. गरम पाणी पहिलं घातलं तर रक्ताचा डाग पक्का होतो. मग उकळा आणि कडक उन्हात टाका. माझ्या पिशव्यांचा हा सहावा चैत्र आहे.

वाट किती अरुंद आहे आणि मधे पाण्याचा ओढा लागतो का, तेवढं कळवा. कावड की सॅक ते त्यावरून सांगतो.