सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स) हातात आहे, मग एअरलाइनमधून फोन का येत नाही?

तुम्ही विचारलंय की उड्डाणाचे 200 तास पूर्ण झाले, डीजीसीएचं (विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाचं) लायसन्स मिळालं, वर्तमानपत्रं सांगतात वैमानिकांचा तुटवडा आहे, मग वर्षभर घरी का बसलोय?

कारण तुटवडा असतो तो बहुतेक कॅप्टनचा. तुमच्या-माझ्यासारख्या कोऱ्या पाट्यांचा नाही. सेसना 172 या छोट्या विमानावर तास भरलेल्याला एअरबसच्या ए320 या मोठ्या प्रवासी विमानावर बसवायचं तर टाइप रेटिंग, म्हणजे त्या विशिष्ट विमानाचं प्रशिक्षण आणि परवानगी हवी, आणि तो लाखांचा खर्च बऱ्याचदा आपल्याच गळ्यात पडतो. कर्ज काढून ते केलं आणि एअरलाइनची भरती बोइंगवर निघाली, तर बसा बोंबलत.

माझ्या वेळी लेखी परीक्षा, मानसशास्त्रीय चाचणी, सिम्युलेटर सगळं पार पडलं. मग पाच महिने शांतता. ईमेलला उत्तर नाही, 'नापास' असंही कोणी कळवेना. नकार परवडला हो, पण हे लटकणं नको.

दरम्यान मीटर चालूच असतं. क्लास वन मेडिकल (वैमानिकाची वैद्यकीय तपासणी) दरवर्षी, इन्स्ट्रुमेंट रेटिंगची (बाहेर न बघता उपकरणांवर विमान उडवण्याच्या परवानगीची) चाचणीही दरवर्षी. म्हणजे नोकरी नसतानाही खिशातून उड्डाणं. त्यात 2019 मध्ये जेट एअरवेज आणि 2023 मध्ये गो फर्स्ट या एअरलाइन बंद पडल्या, तेव्हा हजारो तासांचे अनुभवी लोक आपल्याच रांगेत येऊन उभे राहिले.

करायचं काय? जमलं तर इन्स्ट्रक्टर रेटिंग (इतरांना उडवायला शिकवण्याची परवानगी) घ्या. बारामतीसारख्या ठिकाणच्या फ्लाइंग स्कूलमध्ये शिकवताना तास वाढतात, थोडे पैसेही सुटतात. आणि टाइप रेटिंगचे पैसे भरण्याआधी ते विमान सध्या कोण घेतंय, तेवढं बघा.