लोणंद ते फलटण पळत गेलं तर चालेल का?

प्रश्न : मी साताऱ्यात राहतो, वय 43. यवतेश्वर घाटातली हिल हाफ मॅरेथॉन तीनदा पूर्ण केलीय. यंदा आषाढी वारीत माउलींची पालखी लोणंदहून हलते त्या दिवशी तिथनं पळत निघून एका दमात फलटण गाठायचं डोक्यात आहे. घरी बोललो तर वडील म्हणाले, "वारी काय पळायची असती व्हय?" ते 20 वर्षं चालतायत. तेव्हापासून धड बोलत नाहीत. माझं काय चुकलं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आधी पायांचं बघू. लोणंद ते फलटण 30 किलोमीटरच्या आतबाहेर. पालखी मधे तरडगावला मुक्काम करते, म्हणजे तिचे दोन दिवस तुम्ही एका सकाळीत उरकायला निघालाय. घाट पळणाऱ्याला सपाट रस्ता म्हणजे किरकोळ वाटतो, मलाही वाटायचा. पण घाटात चढ-उतारानं पायाची ठेवण सारखी बदलते, इथं तीच पावलं तासन्तास तशीच पडतात आणि पोटऱ्या दगड होतात. वर ऊन. यवतेश्वरला तुम्ही भुरभुर पावसात पळता, फलटणकडं त्याच महिन्यात नुसता उकाडा, पाऊस घाटमाथ्यावरच सांडून येतो, ऊस दिसतो तो नीरा उजव्या कालव्याच्या जिवावर. त्यामुळं नुसतं पाणी ढोसू नका, मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी घ्या, आणि अंगावर काटा आला किंवा डोकं हलकं झालं की सावली धरा, मग घड्याळ काय म्हणतंय ते बघू नका.

पण खरी अडचण पायांची नाहीच.

मी हा शहाणपणा एकदा केलाय. पहाटे लोणंद सोडलं, हातात घड्याळ, आणि दर दोन मिनिटाला पुढं माणसांची भिंत. दिंडीची एक रचना असते हो, पुढं पताकावाले, मग टाळकरी, मृदंग, वीणेकरी, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया, आणि रथाच्या पुढं कुठली दिंडी, मागं कुठली हे नंबरानं ठरलेलं असतं. त्यात मी "माउली, माउली, जरा सरका" करत घुसत होतो. एका म्हातारीनं तुळस सांभाळत विचारलं, "लेकरा, कोण लागलंय रं मागं?" मला उत्तर सुचलं नाही, आज पण सुचत नाही. पुढचे दोन तास मी तिच्याच दिंडीत चाललो, घड्याळ खिशात.

आता तुम्ही म्हणाल वारीत पळतातच की. पळतात! तुमच्याच वाटेवर, लोणंद-तरडगावच्या मधे चांदोबाचा लिंब लागतो, तिथं पहिलं उभं रिंगण होतं. रस्त्याच्या दोन्ही अंगाला वारकरी उभे आणि मधनं दोन अश्व सुटतात, एकावर जरीपटका घेतलेला स्वार, दुसरा मोकळा, तो माउलींचा. डोळ्याचं पातं लवायच्या आत खेळ संपतो आणि लोक टापांखालची माती कपाळाला लावायला धावतात. पण हे अश्व येतात कुठनं? बेळगावकडच्या अंकलीहून, शितोळे सरकारांच्या घरचे, मिरजेच्या अंगानं आळंदीपर्यंत चालत. टेम्पोत घालून नाही, चालत. मग आळंदीहून पंढरपूर, ते पण चालतच. एवढ्या वाटेत पळणं काय ते रिंगणापुरतं. तसंच पुढं सोलापूर जिल्ह्यात वेळापूरच्या अलीकडं धावा होतो, तिथल्या टेकडीवरनं तुकोबांना पंढरीचा कळस दिसला आणि ते पळत सुटले असं सांगतात, म्हणून सगळी वारी उतारावरनं पळते, नऊवारीतल्या आज्यासुद्धा. म्हणजे पळायला ना नाही, एकट्यानं पुढं निघून जायला आहे. (हे वडिलांना ऐकवायला जाऊ नका, त्यांना तुमच्या आधीपासनं माहितीय.)

माझं ऐकाल तर पळणं हिवाळ्यात करा. डिसेंबरात हाच पालखी मार्ग मोकळा असतो, पहाटे पाचला लोणंद सोडा, चांदोबाच्या लिंबाला पाणी प्या, ट्रकवाल्यांचं भान ठेवा आणि फलटणला राममंदिरात दर्शन घेऊन एसटीनं परत या. आणि आषाढात तेवढा एक टप्पा वडिलांच्या मागं चाला. मागं म्हणतोय बरं का. त्यांचा वेग तुम्हाला झेपणार नाही असं पण होऊ शकतं, 20 वर्षांचा सराव आहे.

प्रश्न : मी मिरजेची, पहिल्यांदाच एक दिवस वारीत चालणार आहे. नवीन भारी शूज घेऊ का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : नको! घरातले जुने, पायाला सरावलेले घाला. नखं दोन दिवस आधी कापा, त्याच दिवशी नको. बोटांच्या बेचक्यात व्हॅसलिन लावा, पिशवीत मोज्यांचा कोरडा जोड ठेवा, पाऊस लागला की लगेच बदला. फोड आलाच तर फोडू नका, वर पट्टी लावा. खायचं फार नेऊ नका, वाटेत लोक पिठलं-भाकरी, केळी, चहा हातात कोंबतात, नाही म्हटलं तर रागावतात.